सगुणाच्या नावाचं पाकीट

कौसानं आठही पाकिटं शनिवारीच आणली होती. रविवारी दुपारी झरीहून आत्येसासू धुरपताबाई आली, कोंबडं शिजलं, जेवणं उरकली, तरी तिनं ती बाहेर काढली नव्हती. बालवाडीच्या हजेरीपटात घालून ट्रंकेत तळाशी ठेवली होती आणि वर प्रज्ञाची झबली रचली होती.

प्रज्ञा मांडीवर होती. तीन वर्षांची पोर, पण उचलली की चिमणीएवढी. शुक्रवारपासून तिचे दोन्ही पाय सुजले होते. कौसा तिच्या पोटऱ्यांवरून नुसता तळवा फिरवत होती. चोळलं की ती ओरडायची.

अंगणात शेवग्याच्या विरळ सावलीत बाज टाकली होती. धुरपताबाई दात कोरत होती.

"लिंबाजी, कोंबडं कापलंस का कोंबड्याची आजी? जबडा दुखायलाय माझा."

"आक्का, तुझे दात गेलेत. त्याला कोंबडं काय करंल?" तिचा भाऊ, कौसाचा सासरा लिंबाजी हसला.

"दात गेले, जीभ हाय. लग्नाची तारीख काढल्याबिगर ती गप बसायची न्हाई, सांगून ठिवते."

सूर्यभान आईशेजारी मान घालून बसला होता. परभणीत पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, तीन मोर्च्यांत लाठी खाल्लेला, भाषणात कुणाचं न ऐकणारा; पण मामाच्या अंगणात आला की त्याचा आवाज जायचा. आतल्या खोलीत लिंबाजीची लेक सगुणा होती. दिवाळीत सुपारी फुटल्यापासून ती त्याच्यासमोर येत नव्हती, पण दाराच्या फटीपाशी तिच्या बांगड्या अधूनमधून वाजत होत्या आणि त्या ऐकू येत नाहीत असं सगळे दाखवत होते.

"कौसा," लिंबाजीनं हाक दिली, "ती दवाखान्याची माणसं काल आल्ती म्हनं बालवाडीत. रगताचे कागद आले का?"

मामांना कुणी सांगितलं? सरजाबाईनंच असणार. शेजारणीच्या डोळ्यांतून जीप सुटते होय.

"आलेत, मामा."

"मग दे की. आक्का हाय, सूर्यभान हाय, झरीच्या लोकांचेबी आले आसतील. समदे हायती तवर वाचून टाक."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्याचं पाकीट त्याच्याच हातात द्यायचं. दुसऱ्यासमोर वाचायचं न्हाई."

"दुसरं कोन हाय हितं?"

लिंबाजीच्या घरात टपाल कधी एकट्यानं वाचलं गेलं नव्हतं. पूर्वी रेल्वेचा पहिला कागद आला, तेव्हा लिंबाजीला अक्षर येत नव्हतं आणि वाचून दाखवणाऱ्यानं मधल्या दोन ओळी गिळल्या होत्या. गँगमनची नोकरी त्यापायी दोन वर्षं लांबली. तेव्हापासूनचा नियम होता. कागद आला की अंगणात, सगळ्यांदेखत, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्यानं वाचायचा. सून दहावी झालेली आहे म्हणून लिंबाजीनं ती पसंत केली, तेही त्याच कारणानं.

कौसानं प्रज्ञाला सासूच्या मांडीवर दिलं आणि ट्रंक उघडायला आत गेली. सगुणा भिंतीला टेकून उभी होती. दोघींची नजर भिडली.

"वैनी," सगुणा एवढंच म्हणाली.

कौसानं पाकिटं उचलली. त्यातलं सगुणाच्या नावाचं तिनं सगळ्यात खाली सरकवलं.

*

लिंबाजीला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे.

सूर्यभाननं आपलं पाकीट स्वतः फोडलं, वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.

"वाच की रे मोठ्यानं," लिंबाजी म्हणाला.

"मामा, आधी मला हे सांगा, ह्या लोकांनी रगत आपल्याच वस्तीत कामून घेतलं? वरच्या आळीत किती घरी गेले सुया घिऊन? उद्या कागदावर छापून येईल, ह्यांचं रगतच असं. अठ्ठ्याहत्तरला घरं जाळली, आता हे."

"वरच्या आळीतबी घेतलं, भाऊजी," कौसा म्हणाली. "यादी माझ्याच हातची हाय. कमी जण आले, हे खरं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष कुण्या एका जातीचा न्हाई."

"त्या म्हणतील."

"प्रज्ञाचं अंग तर कुणी छापून आणलेलं न्हाई ना?"

लिंबाजीनं सुनेकडं पाहिलं. ही पोरगी एवढं कधी बोलत नव्हती.

"वाच," तो म्हणाला. "माझ्यापासून."

तिनं वाचलं. लिंबाजीच्या कागदावर लिहिलं होतं: वाहक. भगवानच्या कागदावर: वाहक. भगवान म्हणजे लिंबाजीचा मुलगा, कौसाचा नवरा. तो आज रुळावर ड्यूटीला होता. कौसाच्या स्वतःच्या कागदावर: वाहक. धुरपताबाईच्या: वाहक. सूर्यभाननं खिशातून घडी काढून पुढं केली. त्यावरही तेच. प्रज्ञाच्या कागदावर तो शब्द नव्हता. तिथं फक्त 'सिकलसेल आजार' असं होतं आणि ते वाचताना कौसाचा आवाज जरा खाली गेला, बाकी काही नाही.

"वाहक म्हंजे वाहनारा," लिंबाजी म्हणाला. "काय वाहनारा?"

"दोष. मानसाला स्वतःला काही होत न्हाई, मामा. तुमी चाळीस वर्षं पहार मारली, कधी अंथरूण धरलंत? पण नवरा-बायको दोघंबी वाहक असले, तर दर बाळंतपणाला चारातला एक वाटा. त्या लेकराला दोन्हीकडून दोष येतो. मग असं." तिनं प्रज्ञाकडं हात केला.

"म्हंजे भगवानकडून आन् तुज्याकडून."

"व्हय."

"भगवानला कुठून आला?"

कौसानं लिंबाजीचा कागद त्याच्या गुडघ्यापाशी ठेवला.

लिंबाजीनं कागद हातात घेतला. आता त्याला वाचता येत होतं, अडखळत का होईना. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तो शिकला होता. त्यानं तो शब्द बोटानं जुळवला. अडीच वर्षं तो म्हणत आला होता, सुनेच्या माहेरचं दुखणं आहे. ताडकळसच्या बाजारात कौसाचा बाप भेटला, तेव्हा लिंबाजीनं जयभीमसुद्धा घातला नव्हता. तो म्हातारा हातात दोडक्यांची पिशवी घेऊन उभाच राहिला होता, आणि लिंबाजी पुढं निघून गेला होता.

"माझ्याकडून," लिंबाजी म्हणाला. कुणाला उद्देशून नाही.

"ऱ्हाऊ द्या वो," त्याची बायको चतुराबाई घाईनं बोलली, "काय गुन्हा केला का तुमी? माझा वाच गं, कौसा. आन् माज्या पोरीचा."

*

चतुराबाईचा कागद साफ निघाला. सगुणाचाही साफ निघाला.

"दोष नाही," कौसानं वाचलं. दोन्ही वेळा सारखंच, सपाट आवाजात.

"बग!" चतुराबाईनं प्रज्ञाला छातीशी धरलं. "म्या म्हनत न्हवते? माझी पोर लख्ख हाय."

"मग काय," धुरपताबाई म्हणाली, "माज्या पोरात असंल, हिच्यात न्हाई. दोघांत पायजे म्हनली न्हवं कौसा? मंग फिकीर कशाची? बुद्धजयंतीच्या दुसऱ्या दिशी धरा. भंतेजीला म्या सांगते."

बाज करकरली. लिंबाजीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदा मान वर केली. चतुराबाईला वाटलं, घरावरनं गाडी गेली आणि घर शाबूत राहिलं.

"मामी," कौसा म्हणाली.

चतुराबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं, ही आता काय बोलणार.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. दवाखान्याच्या लोकांचा दुसरा दिवस होता. आदल्या दिवशी चतुराबाईनं आपलं रक्त दिलंच होतं. दुसऱ्या दिवशी नाव पुकारलं, सगुणा लिंबाजी. पोरीचं बोलणं आक्काच्या घरात पक्कं होत आलेलं. अशा पोरीचं रक्त परक्या माणसानं बाटलीत भरून कुठं न्यावं? त्याचं ते काय करतील? चतुराबाईनं पोरीला घरी बसवलं, पदर कपाळापर्यंत ओढला आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसली. सुई टोचणारा पोरगा नवा होता. वहीशी कौसा होती. कौसानं वर पाहिलं, सासूला ओळखलं, आणि नाव लिहिलं. सूनच ती, काय बोलणार होती? आणि चतुराबाईला त्यात खोटं काहीच वाटलं नव्हतं. नऊ महिने तिच्याच रक्तावर वाढलेली पोर. आईचं घेतलं काय न् लेकीचं घेतलं काय? पळी ह्या तांब्यात बुडवा का त्या, पाणी एकाच आडाचं.

"हा कागद सगुणाचा न्हाई," कौसा म्हणाली. "त्या दिवशी सगुणा आलीच न्हवती. तिच्या जागी मामी बसल्या होत्या. मी लिवलं. मला तवाच बोलाया पायजे होतं."

चतुराबाईनं प्रज्ञाला छातीवरून खाली मांडीवर घेतलं.

"काय बोलायलीस?" चतुराबाईचा आवाज चिरकला. "तुझं लेकरू झोपेना म्हनून माज्या लेकीचं घर मोडायलीस व्हय? कवाची जळायलीस. तिला नवरा कारकून, तुला गँगमन!"

"मामी, तुमच्या मांडीवर माझंच लेकरू हाय."

"तर? तर काय झालं? मीच संबाळते न्हवं तिला? तू बालवाडीत दुसऱ्याची पोरं खेळिवती तवा कोन चोळतंय हिचे पाय?"

"तुमीच," कौसा म्हणाली. "म्हनून तर बोलायले."

"चतुरा," लिंबाजी म्हणाला, "खरं हाय का?"

"खोटं हाय! हिचं कुनी ऐकू नका."

"सगुणा!"

बांगड्या वाजल्या नाहीत.

*

सगुणा दाराआड उभी होती आणि तिला माहीत होतं, तिला फक्त गप्प राहायचं आहे.

बाप विचारतोय. तिनं "मी सुई घेतली" म्हटलं की वैनी खोटी ठरते, आई खरी ठरते, आणि बुद्धजयंतीच्या दुसऱ्या दिवशी ती झरीला जाते. सूर्यभान परभणीहून सायकलवर येईल. शिवणकामाच्या वर्गाला ती जायची, तेव्हा तो स्टेशनाबाहेर वर्तमानपत्र वाचत उभा राहायचा, पान न उलटता. एकदा तिनं म्हटलं होतं, "उलटं धरलंय." धरलेलं नव्हतं, पण त्यानं तपासून पाहिलं होतं.

आईच्या मांडीवर प्रज्ञा कण्हायला लागली. पहिल्यांदा तिच्या बोटांना सूज आली, तेव्हा ती सात महिन्यांची होती. सगुणानंच पहिल्यांदा पाहिली होती ती बोटं; केळ्यांच्या फणीसारखी, ताठ.

ती बाहेर आली. डोक्यावर पदर घेतला नव्हता.

"मी सुई घेतली न्हाई, बा. माय बसली होती."

चतुराबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की पोरगी तिला ओळखूच येईना.

"म्या खोटं कुटं केलं?" तिचा आवाज आता बारीक झाला होता. "माजंच रगत न्हवं तुज्या अंगात? माजं साफ निगालं, मंग तुजं कसं नसंल?"

"माझं बी हाय तिच्यात," लिंबाजी म्हणाला. कागद अजून त्याच्या हातात होता. "भगवानच्यात उतरलं. हिच्यात उतरलं का न्हाई, कुनाला ठाव?"

"दर लेकरामागं आर्धा-आर्धा वाटा," कौसा म्हणाली. "असंल, नसंल. परत तपासावं लागंल. शहरातल्या दवाखान्यात जाऊन. हितल्यासारखं लांबत न्हाई, पण निकालाला महिना-दीड महिना जातोच."

"आन् कागदात आलं तर?" सूर्यभान उठून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याचा मोर्च्यातला आवाज या अंगणात आला. "येऊ द्या. मला फरक पडत न्हाई. चारातला एक म्हणजे तीन चांगले. मामा, तुमी शब्द दिलाय. मी कागदाला भीत न्हाई."

लिंबाजीनं शब्द दिला होता. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या ठरावानंतर आगी लागल्या, त्यात धुरपताबाईचं सासरचं घर गेलं. तिसऱ्या दिवशी तो बैलगाडी घेऊन तिला आणायला गेला. गाडीत बहीण, भाचा आणि एक अर्धवट जळालेलं जातं. बहीण ते सोडायला तयार नव्हती. वाटेत तिनं काहीच मागितलं नव्हतं. त्यानंच म्हटलं होतं, "आक्का, माझी सगुणी तुज्या सूर्यभानाला दिली." सगुणा तेव्हा पाच वर्षांची होती. भाच्याचा मामाच्या पोरीवर तसाही हक्क असतो, पण हा त्याहून मोठा शब्द होता. आता तो आपल्या तोंडानं 'नाही' कसा म्हणेल?

सगुणानं सूर्यभानकडं पाहिलं नाही. ती कौसापाशी जाऊन खाली बसली.

"वैनी, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"तुला लग्नाआधी ठाव असतं, भगवानदादाचं आन् तुझं असं हाय, तर तू केलं असतंस?"

कौसानं सासूच्या मांडीवरून प्रज्ञाला घेतलं. चतुराबाईनं तिला धरून ठेवलं नाही. पोर आईच्या खांद्यात तोंड खुपसून हुंकारली. तिच्या केसांना खोबरेल आणि तापाचा वास होता.

कौसाला 'नाही' म्हणायचं होतं. ते सोपं होतं, खरं होतं, आणि सगुणाला तेच ऐकायची गरज होती. पण ह्या पोरीच्या कानाशी तोंड असताना तो शब्द तिच्या ओठांपर्यंत येईना.

"हिला कडेवर घिऊन मला ते बोलता येत न्हाई, सगुणा," ती शेवटी म्हणाली. "पण हिच्यापाठी मी दुसरं होऊ दिलं न्हाई. तीन वर्षं. तुझ्या दादाला, मामींना, समद्यांना काहीबाही सांगत आले. यातून काय समजायचं ते समज."

चतुराबाईनं पदर तोंडात धरला.

*

धुरपताबाई प्रज्ञाचे पाय पाहत होती.

तिला दोन लेकरं आणखी होती. सूर्यभानाच्या आधी एक पोरगी, नंतर एक पोरगं. पोरगी पाचव्या वर्षी गेली, पोरगं चौथ्या. दोघंही हातपाय धरून ओरडत. वैदू म्हणाला वात आहे, सासू म्हणाली सुनेचा पाय पांढरा आहे. धुरपताबाईनं ते मान्य केलं होतं. बारा वर्षं ती कुणाच्या बारशाला गेली नव्हती.

आज कागदात वाहक लिहून आलं. म्हणजे तिच्याकडून एक वाटा. आणि दुसरा वाटा नवऱ्याकडून, त्या मेलेल्या भल्या माणसाकडून. त्याला हे कधीच कळलं नाही.

"माज्या यमुनेचे पाय असेच व्हायचे," ती म्हणाली. "हितनं, घोट्यापासनं. थंडीत जास्ती."

"आई," सूर्यभान म्हणाला.

"तू गप. तीन चांगले म्हनतोस. चौथं कुनाच्या मांडीवर मरतं, ठाव हाय तुला? तू तवा दोन वर्षांचा होतास."

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.

"लिंबाजी, तुज्यानं न्हाई म्हनवनार न्हाई. तू शब्दाला बांधला. आन् म्या 'तपासून घिऊ, साफ निगाली तर करू' म्हनलं, तर गावभर हुतंय की पोरीत खोट धरली. मंग तपासनीत साफ निगाली तरी तिला कोन करंल? असंच का न्हाई?"

ते तसंच होतं.

"सगुणा, तू जा. कौसासंगं जाऊन रगत दे. काय निगंल ते तुला ठाव आसू दे; दुसऱ्या कुनाला सांगू नको, मलाबी नको. तुज्या पुढच्या घरी तुला तुजं माहीत पायजे. पर ह्या घरचं सोड."

"आत्या, साफ निघालं तर?" सगुणानं विचारलं.

धुरपताबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. कडाकडा वाजली.

"तवर कोन थांबतंय बाई? आता तोंडं उघडली. सरजाबाई कवाची कुडाशी उभी हाय."

ती खरंच उभी होती. शेजारची सरजाबाई, कडेवर नात, हातात चाळण, मागायला आल्यासारखी.

"काय धुरपताबाई, निघायलात?" सरजाबाई कुडावरून म्हणाली. "काढली का तारीख?"

लिंबाजीनं तोंड उघडलं. चतुराबाईचा हात कौसाच्या मनगटावर आला आणि घट्ट झाला.

"न्हाई," धुरपताबाई म्हणाली. स्वर मोठा, अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत जाईल एवढा. कागद वाचतात तसा. "मोडलं म्या. आमच्या सूर्यभानाच्या रगतात खोट निगाली. दवाखान्याचा कागद हाय. पोरगी लाखाची हाय, तिला कामून खड्ड्यात घालू?"

सूर्यभाननं कौसापाशी बसलेल्या सगुणाकडं पाहिलं आणि खिशातला कागद काढून हातात धरला. कुणी मागितलाच तर दाखवायला.

"अगं बया," सरजाबाई म्हणाली. "येवढं धड पोरगं. वाटत तर न्हाई."

"वाटत न्हाईच," धुरपताबाई म्हणाली. "चल रे."

दोघं फाटकातून बाहेर पडली. वाट अरुंद होती. सूर्यभान जवळून जाताना सरजाबाईनं कडेवरची नात उचलून पलीकडच्या कडेवर घेतली.